सर मशीन व्हायचे तेव्हा

"मी मशीन आहो. मले अक्कल नाही. तू सांगशील तेवढंच करीन."

एवढं म्हणून आमचे गणिताचे सर चष्मा सारखा करायचे, दोन्ही हात मांड्यांना चिकटवायचे आणि समोरच्या भिंतीकडे बघत खांबासारखे उभे राहायचे. मग कोणी काही विचारा, हसा, चिमटा काढा. कागदावर लिहिलेली सूचना हातात पडेपर्यंत त्यांची पापणीसुद्धा हलत नसे.

साठच्या दशकातली ही गोष्ट. अकोल्यातल्या एका सरकारी हायस्कुलात मी मराठी शिकवत होते आणि ते गणित. दर्यापूरकडच्या शेतकरी घरातला माणूस. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते शिक्षकांच्या शिबिरासाठी मुंबईला गेले होते. तिथे एक दिवस सगळ्यांना हिशेब करणारं मोठं मशीन दाखवायला नेलं. थंडगार खोली, काचेची भिंत, आत कपाटांसारख्या पेट्या आणि लुकलुकणारे दिवे. बाकीचे मास्तर दिवे पाहून बाहेर पडले. आमच्या सरांनी तिथल्या तरुण इंजिनियरला इतके प्रश्न विचारले, की शिबिराची बस त्यांना सोडून निघून गेली. त्या इंजिनियरशी त्यांची दोस्ती झाली आणि येताना त्यानं मशीनची भाषा शिकवणारी, नवशिक्यांसाठी सायक्लोस्टाइल केलेली एक वही त्यांना दिली.

आता वही आली, पण अकोल्यात मशीन कुठलं? मग सर स्वतःच मशीन झाले.

नववीच्या वर्गातला पहिलाच प्रयोग साऱ्या शाळेच्या लक्षात राहिला. एका मुलानं लिहून दिलं: "दाराकडे वळा. बाहेर पडा. चालत राहा." सर वळले, बाहेर पडले आणि चालत राहिले. व्हरांडा ओलांडला, घंटेजवळच्या शिपायाला ओलांडलं, फाटकातून बाहेर पडून कापूस मार्केटच्या रस्त्याला लागले. मुलं मागे धावली. "सर, थांबा" म्हणून ओरडली. सर चालता चालताच म्हणाले, "कागदावर नाही." शेवटी एकानं वहीचं पान फाडून त्यावर "थांबा" लिहिलं आणि धापा टाकत त्यांच्या नाकासमोर धरलं. तोवर सर कापसाच्या गाड्यांच्या रांगेत पोचले होते आणि एक बैल त्यांची बाही हुंगत होता. हेडमास्तरांनी हे सगळं खिडकीतून पाहिलं. त्यांचा चेहरा कसा झाला असेल, ते मी सांगायला नको.

मीही सरांच्या तावडीतून सुटले नाही. शिक्षकांच्या खोलीत मी एकदा त्यांची टिंगल केली, तर त्यांनी माझ्यापुढे कागद सरकवला. मशीनला माठातलं पाणी पाजून दाखवा म्हणाले. मी ऐटीत लिहिलं: "तहान लागली असल्यास माठातील शीतल जल प्राशन करावे." सर माठापुढे ढिम्म उभे. "बाई," ते म्हणाले, "तहान लागली का नाही, मशीनले काय मालूम?" मी ते खोडलं. मग झाकण काढायचं राहिलं. मग ओगराळं कोणत्या हातात आणि पेला कोणत्या, ते राहिलं. सातव्या खेपेला पाणी त्यांच्या तोंडापर्यंत गेलं खरं, पण पेला परत सरळ करायचा हे मी लिहिलंच नव्हतं. सदरा पार छातीपर्यंत भिजला. शांतपणे तो पिळत ते म्हणाले, "भाषा सुंदर आहे तुमची. काम तेवढं झालं नाही."

नववीच्या त्या वर्गात सुमन नावाची एक मुलगी होती. रेल्वेलाइनीपलीकडच्या बौद्ध वस्तीत राहायची. वडील कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत कामाला. माझ्या तासाला ती कोरी वही द्यायची. निबंध म्हटला की कोरं पान. मी समजले, मुलगी आळशी आहे. खरं काय ते तुमच्यापाशी कबूल करते. वर्षाच्या सुरुवातीला तिनं एक निबंध लिहिला होता, घरी बोलतात तसा. मी त्यातला प्रत्येक "मले" आणि "तुले" लाल शाईनं गोल केला होता आणि वर्गात वाचून दाखवला होता. वर्ग हसला. मीही हसले असेन.

सरांच्या तासाला मात्र ही मुलगी लिहायची. त्यांनी एकदा सांगितलं, कवायतीच्या वेळी पीटी मास्तर तुम्हाला उंचीप्रमाणे उभं करताना घसा फोडून घेतात. कोणीही न ओरडता सगळा वर्ग उंचीनं लागेल अशा सूचना लिहा. मुलांनी पानंच्या पानं भरली. सुमननं तीन ओळी लिहिल्या. "तुह्या उजव्या हाताच्या पोराले पाह्य. तो तुह्याहून ठेंगणा असला तं जागा बदल. कोणीच हललं नाही म्हंजे झालं."

सरांनी अख्खा वर्ग मैदानात उभा केला. आम्ही शिक्षक व्हरांड्यातून बघत होतो. त्या दिवशी शाळा तपासायला आलेले इन्स्पेक्टरसाहेबही आमच्याबरोबर उभे होते. मुलं जागा बदलू लागली. आधी नुसता गोंधळ. मग डावीकडे ठेंगू, उजवीकडे उंच, अशी रांग हळूहळू उतरंडीसारखी लागत गेली. शेवटी मधली दोघं एकदाच सरकली आणि सगळं स्तब्ध झालं. मैदानात कोणी एक शब्द बोललं नव्हतं.

सर व्हरांड्यात आले आणि तो कागद त्यांनी माझ्या हातात दिला. मी तो वाचला. हे शुद्ध करून लिहायला सांगा, असं सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं. ते म्हणाले, "कायले? चवेचाळीस पोरं उभी राहिली ना बरोबर?"

दुसऱ्या दिवशी सुमनकडे मी तिची जुनी वही परत मागितली आणि तो पहिला निबंध पुन्हा वाचला. आजीच्या हातच्या ज्वारीच्या कण्यांबद्दल होता. चांगला होता. मी तिला तसं सांगितलं. पुढच्या आठवड्यात वहीत दीड पान आलं.

सरांनी मग त्या तीन ओळी वहीतल्या मशीनच्या भाषेत उतरवल्या (तिथे त्यांच्या वीस झाल्या), वर्गातल्या मुलांच्या उंच्या मोजून सोबत जोडल्या आणि मुंबईच्या इंजिनियरला पाठवल्या. महिन्यानं उत्तर आलं. मशीन चौथ्या ओळीवर अडलं होतं, एक स्वल्पविराम राहून गेला होता. मुलांची तोंडं उतरली. सरांना मात्र एवढा आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता. त्यांनी ते पत्र प्रत्येक बाकावर फिरवलं. मुलांनी स्वल्पविराम शोधला, पुन्हा पत्र गेलं, पुन्हा वाट पाहणं. मार्चमध्ये लांब घडीचा कागद आला. चव्वेचाळीस आकडे एकाखाली एक, चढत्या क्रमानं. सगळ्यात वर इंग्रजी अक्षरांत छापलं होतं: सुमन. ते छापायची सूचना सरांनी गुपचूप घातली होती.

त्याच सुमारास सुमनचं नाव शाळेतून काढायचं तिच्या घरी ठरत होतं. नववी झाली, पुष्कळ झालं, असं तिचे वडील म्हणत. सर तो कागद घेऊन त्यांच्या घरी गेले. तिथे काय बोलले ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. सुमननं सांगितलं, की वडिलांनी कागद जमिनीवर उलगडला, तिचं नाव कुठे आहे ते विचारलं आणि त्यावर बोट ठेवून बराच वेळ बसले. जूनमध्ये सुमन दहावीच्या वर्गात होती.

सर मात्र नव्हते. इन्स्पेक्टरसाहेबांनी शेऱ्यात लिहिलं होतं, की गणिताचा अभ्यासक्रम मागे पडला आहे. ते खोटंही नव्हतं. बदलीचा हुकूम मेळघाटातल्या धारणीचा निघाला. मी चिडले, हेडमास्तरांकडे गेले, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. सर म्हणाले, "जाऊ द्या, बाई. पोरं तिथंही आहेत."

निघायच्या दिवशी आम्ही बसस्टँडवर गेलो. पाऊस लांबला होता, ऊन रणरणत होतं. सरांची ट्रंक टपावर चढली. बस सुटायला आली तेव्हा सुमनचे वडील फॅक्टरीतून तसेच धावत आले. केसांत, भुवयांत कापसाचे तंतू. हातात नवीकोरी दुलई, दोरीनं बांधलेली.

"मेळघाटात लय थंडी रायते म्हंते पोरगी," ते म्हणाले. "घरीच भरली."

टपावर जागा उरली नव्हती, म्हणून सरांनी दुलई दोन्ही हातांनी कवळून मांडीवर घेतली. बस हलली. जूनच्या त्या भट्टीत खिडकीशी सर बसले होते, आणि दुलईच्या वर त्यांचा फक्त चष्मा दिसत होता.