कंपनीचं सातवं नाव

आमच्या गिरणीच्या कंपनीच्या कागदावर सहावं नाव माझं होतं आणि सातवं मावशीचं. मावशी म्हणजे आमच्याकडे भात कांडायला येणारी बाई. नात्याची नव्हे, पण लग्न होऊन कर्जतला आले तेव्हापासून मी तिला मावशीच म्हणत आले. नदीपलीकडच्या वाडीवर एकटी राहायची. नवरा केव्हाच गेलेला, मूलबाळ नव्हतं.

मोठी लढाई संपली त्या सुमारास मुंबईत जो तो कंपन्या काढत होता. माझ्या यजमानांनीही भात सडायच्या गिरणीची कंपनी काढायचं ठरवलं. त्यांना मी इथे नुसतं 'हे' म्हणते. कडावपासून नेरळपर्यंतचं भात आपल्याच गिरणीत येईल, असं ते मामंजींना रोज सांगत. शेअर लोकांना विकायचे, मग मुंबईच्या शेअरबाजारात कंपनीचं नाव लागलं की पैशाला तोटा नाही.

ज्या दिवशी कागद व्हायचे होते, त्या दिवशी सकाळच्या गाडीनं मुंबईचा वकील आला. अशा कंपनीला निदान सात माणसांच्या सह्या लागतात. पाच माणसं ओटीवर बसली होती. खालापूरकडचे दोघे व्यापारी यायचे होते. ते आले नाहीत, घरचे वडील नको म्हणतात असा निरोप तेवढा आला. वकिलाला दुपारच्या गाडीनं परतायचं होतं. तो हसून म्हणाला की कायद्याला पुरुषच लागतात असं काही नाही. सासूबाई तोवर वारल्या होत्या, तेव्हा मला बोलावलं. मी पदर सावरून आले, दाखवलं तिथं सही केली आणि आत वळले. तेवढ्यात हे म्हणाले, मागे मावशी आहे, तिलाही हाक मार.

मावशी आली ती कोंड्यानं भरलेले हात लुगड्याला पुसत. नावापुरतं आहे, अंगठा दे, असं यांनी सांगितलं. ती त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाली, "वैनी, देऊ ना?"

"द्या, मावशी," मी म्हटलं.

मीच तिचा अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकवला. आमच्या दोघींच्या नावावर पाच पाच शेअर लिहिले. निम्मे पैसे यांनीच भरले. उरलेले निम्मे कंपनी मागेल तेव्हा ज्याचे त्यानं द्यायचे, असं वकिलानं वाचून दाखवलं. मामंजी म्हणाले, मागायची वेळ कशाला येते. मावशी तोवर उखळाकडे परत गेली होती.

गिरणी सुरू झाली आणि वर्षभरात आमच्याच घरचं कांडण बंद झालं. दारात गिरणी असताना मुसळ कोण उचलणार? विहिरीवर बायका मावशीला चिडवायच्या. "काय गं शेठाणी, सोताच्याच पोटावर गिरनी घातलीस?" ती म्हणायची, "मंग? नफा खाऊन खाऊन बसवत नाय बघ." साठवलेल्या पैशांतून तिनं एक म्हैस घेतली. सकाळचं दूध ती स्टेशनजवळच्या चहावाल्याला घालू लागली, थोडं आम्हाला. त्यावरच तिचं चालायचं.

पहिल्या वर्षी गिरणीला नफा झाला नाही. इंजिन भात निघाल्यावर चार महिने चालायचं आणि पुढे झाकून ठेवलेलं असायचं. पण माणसांचे पगार आणि इंजिनाचं कर्ज बारा महिन्यांचं. तरीही भागीदारांना नफा वाटला; आमच्या दोघींच्या नावचा यांनीच ठेवला, कारण पैसे त्यांनीच भरले होते. नफा आला कुठून, असं मामंजींनी विचारल्यावर हे म्हणाले की नव्या शेअरांचे पैसे आलेत त्यांतून. आत्ता वाटला नाही तर बाजार आपल्याकडे ढुंकून बघणार नाही. मी ताटं वाढत होते, म्हणून कानावर पडलं. मला त्यात काही चुकतंय असं वाटलं, पण काय ते सांगता आलं नसतं, आणि मला कोणी विचारलंही नव्हतं.

बाजारात नाव लागलं. वर्तमानपत्रात भाव छापून यायचा तो हे मामंजींना वाचून दाखवत. भाव चढत गेला. एकदा मावशी दूध घालायला आली ती उंबऱ्याशी थांबली. तिचा तो कागद विकला तर दुसरी म्हैस येईल का, असं तिनं विचारलं. चहावाल्यानं तिच्या डोक्यात घातलं असावं. मी यांना विचारलं. हे रागावले नाहीत, समजावून म्हणाले, "स्थापनेच्या सातांतलं नाव विकायला निघालं हे मुंबईत कळलं, तर आठ दिवसांत भाव बसेल. तिला म्हणावं, थांब."

मी मावशीला थांबायला सांगितलं.

"बरं," ती म्हणाली. "तुमी म्हंता तर ऱ्हावू दे."

पुढच्या सालापासून रंगूनचा तांदूळ स्वस्त येऊ लागला. नेरळकडे दुसरी गिरणी निघाली. आमचा भाव उतरत उतरत मूळ किमतीच्या खाली गेला, मग नुसताच रकाना रिकामा राहू लागला. विकणारे होते, घेणारा नव्हता. मुंबईच्या शेअरबाजाराकडून एक पत्र आलं. हिशेब वेळेवर येत नाहीत, दोन वर्षं तोटा आहे, व्यवहारही होत नाहीत, तर यादीतून नाव का काढू नये? यांनी चार वेळा उत्तर लिहिलं आणि चार वेळा फाडलं. त्या संध्याकाळी ते पहिल्यांदा माझ्याशी कंपनीबद्दल आपण होऊन बोलले. यादीत नाव आहे तोवर आज ना उद्या कोणी पैसे घालील, नाव गेलं की शेअर म्हणजे ट्रंकेत ठेवायचा कागद. मी विचारलं, मावशीचे? ते म्हणाले, सगळ्यांचेच.

नाव गेलं. एक दिवस वर्तमानपत्रात आमची ओळच नव्हती. वरची कंपनी होती, खालची होती. त्यानंतर कोणी उधारीवर तेलसुद्धा देईना. त्याच पावसाळ्यात मामंजी वारले. गिरणी बंद पडली आणि कंपनी गुंडाळायला कोर्टानं माणूस नेमला. त्यानं पहिलं काम केलं ते हे, की ज्याच्या ज्याच्या नावावर शेअर होते, त्याच्याकडे उरलेले निम्मे पैसे मागितले.

मावशी नोटीस घेऊन आली. पोस्टमननं ती तिला दिली तेव्हा नफा आला असं तिला वाटलं होतं. मी वाचून दाखवली. ती दोनदा म्हणाली, "पन म्या काय घेतलंच नाय." नावापुरतं म्हणून दिलेल्या अंगठ्याचेही पैसे लागतात, हे मलाही त्याच दिवशी कळलं. यांना विचारलं तर ते खाली बघत म्हणाले की त्यांच्या स्वतःच्या आणि मामंजींच्या शेअरांपोटी कडावची जमीन देऊन झाली, आता हात रिकामे आहेत. ज्याच्याकडे काहीच सापडत नाही त्याचं नाव शेवटी सोडून देतात, एवढं मात्र त्यांनी सांगितलं.

ते मी धरून बसले. मावशीकडे म्हशीवाचून होतं काय? कोर्टाचा बेलिफ जप्तीला येणार असं कळलं तेव्हा मी तिला म्हटलं, म्हैस आमच्या गोठ्यात आणून बांधा. तुमच्या झोपडीत काही नाही असं लिहून तो जाईल. मी कोणाला विचारलं नाही. आमचं जे द्यायचं ते देऊन झालं आहे, आमच्या गोठ्याला आता भीती नाही, असं मी धरून चालले.

बेलिफ वाडीवर जाऊन आला. तिथं कोणीतरी त्याला म्हशीबद्दल बोललं असणार, कारण तो सरळ आमच्या मागच्या अंगणात आला. मावशी गवताचा भारा सोडत होती. हे मागच्या दारात उभे होते. ही म्हैस कोणाची, असं त्यानं विचारलं. परक्या पुरुषाशी मी त्याआधी क्वचितच बोलले असेन. मी म्हणाले, "म्हैस माझी आहे."

"तुमची, का यजमानांची?"

"माझी. माझ्या पैशांनी घेतलेली."

त्यानं माझं नाव विचारलं. माणूस सभ्य होता. कागद उलटून एका जागी बोट ठेवून तो म्हणाला, "बाई, तुम्हीही सभासद आहात. तुमच्या पाच शेअरांची बाकी कोणी भरलेली नाही."

मी यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की तेही विसरले होते. घरी आलेल्या नोटिसांच्या गठ्ठ्यात माझ्या नावचीही असणार, ती कोणी वाचलीच नव्हती. माझ्या नावावर काही असू शकतं हे त्या घरात कोणाच्याच ध्यानात नव्हतं, माझ्याही. आता म्हैस मावशीची आहे म्हणावं, तर ती मावशीच्या बाकीत जाणार. माझी म्हणावं, तर माझ्या. मावशी भाऱ्यावर हात ठेवून उभी होती. तिला सगळं समजलं होतं. मी बोललेलं मागे घेतलं नाही.

बेलिफानं लिहून घेतलं. जनावर जाताना त्याचं दावं मूळ मालकाकडे राहतं, म्हणून तो मला म्हणाला, दावं सोडून घ्या. मी पुढे झाले तर म्हैस फुरफुरून मागे सरली. गाठ मला सुटेना. तेव्हा मावशी आली, तिनं म्हशीच्या मानेखाली खाजवलं, एका हातानं गाठ सोडली आणि दावं माझ्या हातात दिलं. बेलिफ आम्हा दोघींकडे बघत होता. मग त्यानं कागदाची घडी केली आणि बरोबरच्या गड्याला म्हशीला आपली दोरी बांधायला सांगितली.

माझी बाकी अशी मावशीच्या म्हशीनं फिटली. मावशीची म्हैस यांनी कधी पाहिलेली नव्हती; नंतर त्यांनी विचारलं, म्हैस घ्यायला पैसे कुठले होते तुझ्याकडे? मी खरं सांगितलं. ते म्हणाले, हे कुठं बोलू नकोस. मी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दावं घेऊन नदीपलीकडे गेले. इतक्या वर्षांत तिच्या दारात मी पहिल्यांदाच उभी होते. ती रिकामा गोठा झाडत होती. मी दावं पुढे केलं. तिनं ते घेतलं, आणि पेंढ्याची एक जुडी बसायला दिली. बेलिफानं तिच्या नावापुढं काय लिहिलं, ते तिनं विचारलं. काही नाही असं लिहिलं, मी म्हटलं, तुमचं नाव आता सुटेल.

"आन तुमचं?"

"माझंही सुटलं."

"मंग झालं," ती म्हणाली, आणि राहिलेला गोठा झाडू लागली.