मंगळवारची होडी

एको एसिल्फीच्या छातीवर शौर्यपदक लागलं तेव्हा सेकोंडीच्या बंदरात बँड वाजला, आणि आमच्या गावच्या बायका अशा नाचल्या की पदक जणू त्यांनाच मिळालंय. कोळ्याचं पोर नौदलात अधिकारी झालं, चाच्यांनी धरलेलं तेलाचं जहाज सोडवून आणलं, वर एकाही खलाशाच्या अंगाला ओरखडा नाही. मग नाचायचं नाही तर काय करायचं?

एको मात्र घामाने भिजला होता. त्याचा पराक्रम वाचून दाखवताना आलेलं एक वाक्य त्याच्या डोक्यातून जात नव्हतं: 'दिशाभूल करण्यासाठी चाच्यांनी सोडलेल्या होडीकडे ढुंकूनही न पाहता...'

ढुंकून कसलं, दुर्बिणीतून चांगलं न्याहाळून पाहिलं होतं त्याने.

तो मंगळवार होता. मंगळवारी समुद्र आपला नसतो, हे या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्या दिवशी होड्या वाळूवर आणि माणसं जाळी शिवत बसलेली. एकोच्या गस्ती बोटीवर अल्हासन म्हणून उत्तरेकडचा एक खलाशी होता. नौदलात येईपर्यंत त्याने समुद्र पाहिलेलाही नव्हता. तोच म्हणाला, "सर, ती होडी बघा. कुणीतरी फडकं हलवतंय. जाऊन बघू या का?"

"अरे, आज वार कोणता?" एको हसला. "मंगळवारी आमचा माणूस पाण्यात पायसुद्धा घालत नाही. चाच्यांचे टेहळे असणार ते. चल सरळ."

हुकूम अल्हासनच्या हातात असता तर बोट थांबली असती. एको कोळ्याच्या घरचा होता, म्हणून ती थांबली नाही.

पुढे काही दिवसांनी क्वामेना मामाची होडी फुटून किनाऱ्याला लागली. फळीवर दुर्बिणीत दिसलेला तोच निळा-पांढरा पट्टा पाहिला आणि एकोच्या पायाखालची वाळू सरकली. आमच्यात बापापेक्षा मामा मोठा. याच मामाने त्याला पोहायला शिकवलं, शाळेत घातलं. सोमवारी पहाटे मामा एकटाच गळ टाकायला गेला होता, संध्याकाळी परतायचा होता. जाणत्यांनी निवाडा केला: मासे भरपूर लागले, हाव सुटली, मंगळवारीही पाण्यातच राहिला, समुद्राने शिक्षा केली. अशा माणसासाठी ढोल वाजत नाहीत. किनाऱ्यावर उभं राहून त्याला नावाने हाक मारून घरी बोलावत नाहीत. तो बाहेरच राहतो, कायमचा.

नवऱ्यासाठी ढोल वाजावेत म्हणून अराबा मामीने तेव्हापासून एकही दार ठोठावायचं सोडलं नव्हतं. आणि एको गप्प होता. खरं सांगायचं तर भ्याला होता. चाच्यांना न भिणारा हा गडी मामीसमोर मान वर करत नव्हता.

पदक मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी कोळ्यांचा प्रमुख नाना बाइडू याच्या अंगणात बैठक भरली. मामीने निरोप धाडला होता, "गणवेशात ये. तुझ्याकडे बघून तरी म्हातारे मऊ पडतील."

म्हातारे कसले मऊ पडतायत! नाना पदकाकडे बघून म्हणाला, "छान आहे हो साहेब. पण त्याने मंगळवारचा सोमवार होत नाही."

"नाना, माझा नवरा हावरा नव्हता," मामी म्हणाली. "ताटातला मासा शेजाऱ्याच्या पोराला देणारा माणूस तो."

"मग मंगळवारी तिथे काय समुद्राशी गप्पा मारत बसला होता?" मागून कुणीतरी बोललं. दोघेचौघे हसले.

मामीची मान खाली गेली. तेवढं मात्र एकोला बघवलं नाही.

"इंजिन वर उचललेलं होतं," तो म्हणाला.

"कुणाचं?"

"मामाच्या होडीचं. मी पाहिली ती. गळ पाण्यात नव्हता. वल्ह्याला पिवळं फडकं बांधलं होतं. इंजिन बंद पडून सोमवारपासून वाहत चालला होता तो, नाना. मासे नव्हता मारत. मदत मागत होता." एको मामीकडे वळला. "माझ्याकडे मागत होता. आणि मी वार बघितला."

नानाने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"त्या फडक्यात मी त्याच्या न्याहारीची मक्याची केंके बांधून दिली होती," मामी हळू म्हणाली. मग तिने विचारलं, "उभा होता की बसलेला?"

"उभा होता."

"आपल्या एकोची बोट आहे असं वाटलं असेल त्याला," मामी म्हणाली.

एकोने पदकाला हात घातला. पिन निघेना. नाना खाली बघत म्हणाला, "शनिवारी ढोल वाजतील. मी स्वतः येईन." मामीचं तिकडे लक्षच नव्हतं. तिने एकोचा हात धरला.

"काढायचं नाही. शनिवारी हाक तू मारायची, हे लावून. लोक विचारतील, साहेब, कशाबद्दल मिळालं. सांगायचं."

"सगळ्यांना?"

"विचारील त्या प्रत्येकाला. आत्ता मला सांगितलंस ना, तसंच. फडक्यासकट."