जाताना लेकरू, येताना मोकळे हात

व्हीआरएस घेतल्यावर मला काम मिळालं ते एवढंच: संध्याकाळी नातीला बसने टी. नगरला नेऊन, बँकेतून सुटणाऱ्या मुलीच्या हवाली करायचं. वाटेत दूध पाजायला घेतलं की बस हमखास गचका देई. निपल नातीच्या नाकात, दूध माझ्या शर्टावर.

पलीकडे बायकांच्या रांगेत गजरा माळलेली एक म्हातारी हे रोज टक लावून बघे. ना हसे, ना बोले. मला तिचा संशयच येऊ लागला.

चेन्नईत मराठी कुणाला कळतंय, म्हणून एकदा मी नातीला मोठ्यानेच म्हणालो, "छकुले, लवकर पी. ती म्हातारी मुलं पळवणारी दिसते."

"मी नव्हे, तुम्ही!" म्हातारी तंजावरी मराठीत, तमिळ हेल काढून कडाडली. "जाताना लेकरू, येताना मोकळे हात. परतीच्या बसलाही असते मी, रोज पाहते. ह्याची आई कोठे?"

"अहो आजी, माझी नात आहे ही!"

"सगळे तसेच सांगतात."

ती माझ्यामागोमाग उतरली. नात मुलीकडे झेपावली, तेव्हाच म्हातारी माघारी वळली.

दुसऱ्या दिवशीही ती मागे उतरली. म्हटलं, "काल पाहिलंत ना?"

"काल कालचे पाहिले," म्हातारी म्हणाली. "चला पुढे."