टाकी उतरवली तो रविवार

माझे वडील नोकरीभर बसच्या डेपोत मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावरही लालबागच्या आमच्या चाळीत कुणाची स्कूटर रुसली की लोक आधी त्यांनाच हाक मारत. मग त्यांना कंपवात झाला. उजवा हात थरथरायला लागला आणि त्यांनी हळूहळू खाली उतरणंच सोडून दिलं. दोन वर्षं ते गॅलरीतल्या खुर्चीत, उजवा हात मांडीखाली दाबून बसलेले असत. शर्टाची बटणं आई लावायची, तेव्हा ते भिंतीकडे बघत. मी शीवला राहते. मी दर रविवारी जायचे, आणि दिवसभरात बाबा माझ्याशी दोनच वाक्यं बोलायचे. ‘जेवलंस?’ आणि ‘निघालंस?’

त्याच सुमारास मी आणि माझ्या नवऱ्याने एक जुनी डिझेल व्हॅन घेतली. मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेली होती, घरात आम्ही दोघंच. नवऱ्याला सुतारकामाचं वेड. त्याने मागच्या सीट काढून पलंग बसवला, कपाटं केली, वीतभर ओटाही केला. ऑक्टोबरात हिमाचलातल्या स्पितीला जायचं ठरलं. तिथे रात्री बाटलीतलं पाणी गोठतं, म्हणून आम्ही डिझेलवर चालणारा हीटर मागवला. चपलांच्या खोक्याएवढं यंत्र. गाडीच्याच टाकीतलं डिझेल थेंबाथेंबाने पितं, धूर खाली बाहेर सोडतं आणि आत गरम हवा फेकतं. पुढच्या सीटखाली तो बसवण्यापर्यंत नवऱ्याची मजल गेली. डिझेलला हात लावायला मात्र तो घाबरला.

घराजवळच्या एका गॅरेजवाल्याने ते काम अर्ध्या तासात केलं. टाकीतून इंजिनाकडे जाणारी नळी मधेच कापली, तिथे तीन तोंडांचा जोड घातला आणि तिसऱ्या तोंडाला हीटरची बारीक नळी लावली. ‘हो गया मॅडम, काश्मीर जाओ.’

चौथ्या दिवशी, रविवारी, परळच्या पुलावर गाडी दोनदा खोकली आणि बंद पडली. मागे हॉर्नचा नुसता गोंधळ. नवऱ्याने बॉनेट उघडून हाताने डिझेल चढवलं, गाडी सुरू झाली, परत गचके द्यायला लागली. तशीच रडतरखडत आम्ही चाळीच्या आवारात आणली. गॅरेजवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, इंजिनाचा डिझेल पंप गेला, बदलावा लागेल.

मी वर गेले. काही सांगायच्या आतच बाबा त्यांच्या मालवणीत म्हणाले, “हवा खाता ती.”

“काय?”

“गाडी. आवाज आयकलंय मी. डिझेलच्या लायनीत हवा जाता हा. कोणी हात लावल्यान?”

मी हीटरचं सगळं सांगितलं. ते ऐकत होते आणि त्यांच्या कपाळावर आठ्या वाढत होत्या. “जोड गळत नाहीये पण,” मी म्हटलं. “खाली एक थेंब नाही.”

“गळतलो कसो? इंजिन डिझेल वडता. फटीतसून डिझेल भायर येना नाय, हवा भितर जाता.” मग म्हणाले, “माका खाली न्हे.”

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि माझ्याकडे बघत राहिली. दोन जिने उतरायला आम्हाला बराच वेळ लागला.

खाली एका स्टुलावर बसून त्यांनी नवऱ्याला त्या जोडाच्या पुढे पारदर्शक नळीचा तुकडा घालायला लावला. गाडी सुरू केली. नळीतून बुडबुड्यांची माळच्या माळ जाताना दिसली. “बघलंस?” बाबा म्हणाले. एवढा आनंद त्यांच्या तोंडावर मी किती दिवसांनी पाहत होते.

त्यांनी उपाय सांगितला तो मोठा होता. इंजिनाची नळी होती तशी अखंड करायची, तिला कुणी हात लावायचा नाही. हीटरसाठी टाकीच्या झाकणातून वेगळी नळी आत सोडायची. त्यासाठी टाकी खाली उतरवायची. “पुढच्या रविवारी. टाकी रिकामी करून येवा.”

आम्ही जोड काढून अखंड नळी घातली आणि आठवडाभर गाडी फिरवून डिझेल तळाला आणलं. रविवारी सकाळी पोचलो तर बाबा आधीच खाली होते. आईचा हात धरून उतरले होते, जुनी खाकी पँट घालून. शेजारच्या गल्लीत मसाल्याची मिरची कांडायचा मोसम चालू होता, आम्ही सगळे शिंकत होतो.

नवऱ्याने टाकीखाली जॅक लावला, मी टाकी धरणाऱ्या पट्ट्यांचे बोल्ट सोडले. टाकी अलगद खाली आली. वरचं गोल झाकण काढून मी टाकीचं तोंड फडक्याने बांधलं. भोक पाडताना लोखंडाचा कीस आत पडू नये म्हणून बाबांनी झाकण दूर नेऊन ड्रिल करायला लावलं. विडी ओढत बघायला आलेल्या एका शेजाऱ्याला त्यांनी असं काही झापलं की तो विडी विझवून थेट घरात गेला.

मग आत सोडायची धातूची नळी कापायची होती. मी टाकीची खोली मोजली आणि तळाला टेकेल एवढ्या लांबीवर खूण केली.

“आंधळी झालंस काय गो?” बाबा ओरडले. सगळ्या गॅलऱ्यांतून माना बाहेर आल्या. “तळाक कशाक लावतंस? रात्रभर हीटरान टाकी रिकामी केल्यान तर सकाळी गाडी कशी चालू करतलंस? डोंगरावरसून खाली येवचा नाय काय तुमका?”

आई वरून म्हणाली, “अहो, पन्नाशी उलटलेल्या पोरीवर असं ओरडतात?”

मला मात्र रडू आणि हसू एकदमच आलं. दोन वर्षांत ते कुणावर ओरडले नव्हते. मी खूण चार बोटं वर घेतली आणि नळी कापली.

झाकणात नळी बसली. तिच्यावर हीटरची नळी चढवून क्लिप आवळायची राहिली होती. “हंय दी,” म्हणत बाबांनी स्क्रूड्रायव्हर घेतला. हे काम त्यांनी आयुष्यात हजारो वेळा केलं असेल. उजवा हात मांडीखालून बाहेर आला आणि जोरात थरथरायला लागला. टोक स्क्रूच्या खाचेला लागेना. एकदा घसरलं, दोनदा घसरलं. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. तिसऱ्यांदा स्क्रूड्रायव्हर हातातून सुटून फरशीवर वाजला. नवरा उगीचच दुसरीकडे बघत पाना पुसत होता.

मला वाटलं, आता हे उठून वर जातील आणि परत कधी उतरणार नाहीत.

ते बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिले. मग वाकून त्यांनी स्क्रूड्रायव्हर उचलला आणि माझ्यापुढे धरला. “धर. तू कर. मी सांगतंय.”

मी केलं. “आणखी अर्धो फेरो. बस. जास्ती आवळलंस तर नळी कापतली.” बारीक नळीचे तुकडे त्यांनी करवतीने कापू दिले नाहीत, ब्लेडने सरळ कापायला लावले. जोडात दोन्ही टोकं एकमेकांना टेकली पाहिजेत, मधे जागा राहिली तर तिथे बुडबुडा बसतो. हीटरचा छोटा पंप तिरका लावायचा, बाहेर जाणारं तोंड वर. प्रत्येक वेळी ते कारण सांगत, आणि मी समजले की नाही ते माझ्याकडून वदवून घेत. माझ्या लग्नानंतर आम्ही दोघं एवढं बोललो नव्हतो.

दुपारी टाकी चढवली, डिझेल घातलं, हीटरचं बटण दाबलं. पंप टकटक करत राहिला, पण काही पेटलं नाही. यंत्र आपणहून बंद झालं. नवऱ्याचा चेहरा पडला. “नळी आधी डिझेलान भरूक नको?” बाबा म्हणाले. “परत दाब.” दुसऱ्यांदा खालून पांढरा धूर आला, मग घरघर सुरू झाली, धूर विरला आणि एप्रिलच्या भर उन्हात आमच्या व्हॅनमध्ये गरम वारा सुटला. बाबा आत जाऊन पलंगावर बसले. घामाने शर्ट पाठीला चिकटला तरी बाहेर यायला तयार होईनात.

“ह्या उन्हात शेगडी पेटवून बसलेत!” आई वरून म्हणाली, आणि सगळी चाळ हसली. बाबाही हसले.

ऑक्टोबरात आम्ही गेलो. त्यांनीही यावं असं मला फार वाटत होतं, पण डॉक्टरांनी एवढ्या उंचीला साफ नकार दिला. बाहेर गवतावर बर्फ धरत होतं, तेव्हा आम्ही आत एका पांघरुणात झोपत होतो. परत आल्यावर त्यांनी रस्ता, डोंगर, काही विचारलं नाही. हीटरने रोज किती डिझेल प्यायलं आणि उंचीवर धूर काळा झाला का, एवढंच विचारलं. झाला होता थोडा. त्यावर ते तासभर बोलले.

आजार काही थांबलेला नाही. आता डावा हातही थरथरतो. पण रविवारी व्हॅन आवारात शिरली की ते आईला हाक मारतात, आणि दोघं जिना उतरायला लागतात.