दुमडलेलं बाळ

नवजात बाळांच्या कक्षात आम्ही धाकट्या नर्स मोठ्या सिस्टरना त्यांच्यामागे 'हेडमास्तर' म्हणायचो. बत्तीस वर्षांची नोकरी. बाळ कसं धरायचं हे त्यांनी शेकडो आयांना शिकवलं. शिकवताना तोंडाचा पट्टा सुटायचा, आणि खोटं कशाला बोलू, आम्हाला गंमत वाटायची.

एक पहिलटकरीण होती. जरा खुट्ट झालं की तिचं सहा दिवसांचं बाळ लाकडासारखं ताठ व्हायचं. मग ती त्याचं डोकं छातीकडे वाकवायची, गुडघे पोटाशी दुमडायची, आणि बाळ सैल पडायचं. कुणी शिकवलं नव्हतं. पोटात असेल तसं करून पाहिलं, म्हणाली.

"अगं, बाळ आहे की गाठोडं?" मोठ्या सिस्टर कडाडल्या. "मानेला काही झालं म्हणजे? पुन्हा दुमडताना दिसलीस तर याद राख."

मी खो खो हसले. ते आठवलं की आजही मान वर होत नाही.

त्या दिवसापासून ती बाळाला हात लावायलाही बिचकू लागली. मोठ्या सिस्टरनी तिच्या कागदावर लिहिलं, 'आई घाबरट.'

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या हातून स्टीलचा ट्रे पडला. बाळ ताठ झालं, श्वास थांबला, ओठ निळे पडले. आईने दोन्ही हात पुढे केले आणि मोठ्या सिस्टरकडे बघत तशीच थांबली. डॉक्टर फेरीवर होते म्हणून निभावलं. त्यांनी धावत येऊन बाळाचं डोकं पुढे वाकवलं, पाय पोटाशी दुमडले. श्वास परत आला.

थोड्या वेळाने त्यांनी बाळाच्या नाकाच्या शेंड्यावर बोट टेकवलं. बाळ दचकून पुन्हा आखडलं.

"मज्जासंस्थेचा आजार दिसतोय, फार दुर्मिळ," ते म्हणाले. "औषध आहे. पण श्वास अडकला की असं दुमडायचं, त्यानेच जीव वाचतो. आईला शिकवा. आधी कधी झालं होतं का असं?"

मोठ्या सिस्टरनी 'आई घाबरट' लिहिलेला कागद उलटा ठेवला.

शिकवायचं काम मोठ्या सिस्टरचंच. 'तुझं बरोबर होतं' एवढं म्हणायला त्यांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. शेवटी बाहुली घेऊन दाखवू लागल्या. आई पहिल्यांदाच बघत असल्यासारखी मान डोलवत होती.

इतक्यात दार आपटलं. बाळ ताठ झालं. आईने बाळाखाली हात घातले आणि वर पाहिलं.

"सिस्टर, दुमडू ना? रागावणार नाही ना?"

मोठ्या सिस्टरच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दुमड गं बाई. मला विचारू नकोस."