आधी आवाज काढून दाखवा

इस्माईलचाचा गाडीचं बॉनेट कधीच लगेच उघडायचे नाहीत. आधी प्लास्टिकचं स्टूल पुढे सरकवायचे, गाडीच्या मालकाला त्यावर बसवायचे आणि म्हणायचे, "हां, आता आवाज काढून दाखवा." म्हणजे तोंडाने. गाडी करते तसा. मग जुईनगरच्या त्या मागच्या गल्लीत भलीभली माणसं काय काय आवाज काढायची! आमच्या सोसायटीचे चेअरमन बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. लिफ्टमध्ये समोरच्याकडे बघतही नाहीत. त्यांना मी तिथे डोळे मिटून "घर्र-टक, घर्र-टक" करताना पाहिलंय. चाचा मान तिरकी करून गंभीरपणे ऐकत होते. "टक आधी का घर्र आधी?" त्यांनी विचारलं. चेअरमनसाहेबांनी क्षणभर आठवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

मी तिथे पोहोचले ते एका यादीमुळे. तळोज्याला, नावड्याजवळच्या एका लॅबमध्ये नोकरी लागल्यावर मी एक छोटी सेकंडहँड गाडी घेतली आणि सर्व्हिसिंगला कंपनीच्या सेंटरमध्ये नेऊ लागले. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. एसी, सोफा, कॉफीचं मशीन. हातात टॅबलेट घेतलेला अ‍ॅडव्हायझर यायचा, मी "ओके" म्हणायचे, सही करायचे. कुणी जास्त बोलायला लावायचं नाही. रिक्षावाल्याला वळायला सांगायचं तरी मी वाक्य आधी मनात जुळवून घेते, त्यात मराठी की हिंदी की इंग्रजी हाही गोंधळ असतो. तेव्हा ही शांतता मला मानवायची. पण दर वेळी सही करायच्या कामांची यादी लांबत गेली. एकदा ती इतकी लांबली की "बाबांना विचारून सांगते" असं म्हणून मी सही न करताच बाहेर आले. माझं वय तेव्हा सव्वीस होतं.

बाबांचं मत ठरलेलं होतं. "कंपनी ती कंपनी. आपल्याला त्यातलं काय कळतं?" आम्हाला कळत नाही म्हणूनच तर मला भीती वाटत होती. लॅबमधल्या एका मैत्रिणीने चाचांचं नाव सांगितलं.

चाचांनी ती यादी चष्मा कपाळावर चढवून वाचली, कानामागची पेन्सिल काढली आणि एकेका ओळीवर काट मारत गेले. "हे अत्तर. हे पन अत्तर. एसीला अत्तर, इंजिनला अत्तर. गाडीचं लगीन हाय का गो?" शेवटी ऑइल, दोन फिल्टर आणि वायपर एवढंच उरलं. मग त्यांनी विचारलं, "वॉरंटी संपली ना?"

"संपली."

"मग बस. नसती संपली तर मीच बोललो असतो, जा कंपनीत. हक्काचं सोडून इथं कशाला येतीस?"

हे ते खरंच करायचे. नवी गाडी घेऊन आलेल्यांना दारातूनच परत पाठवायचे. कंपनीवर त्यांचा राग नव्हता. म्हसळ्याकडच्या गावातून आल्यावर वीसेक वर्षं त्यांनी कंपनीच्याच वर्कशॉपमध्ये काढली होती. "तिथं कारागीर माझ्यापेक्षा चांगले हायत," ते म्हणायचे, "पन गाडी त्यांना भेटते, मानूस भेटत नाय." मला ते "बाय" म्हणायचे. बोलणं मोठ्याने, रेडिओ त्याहून मोठ्याने. मी काही विचारलं की माझ्या ओठांकडे एकटक बघायचे. सुरुवातीला मला त्याचं अवघडल्यासारखं व्हायचं. नंतर वाटलं, इतकं लक्ष देऊन माझं बोलणं आजवर कुणी ऐकलंय?

वर्षभर सगळं ठीक चाललं. मग ब्रेक दाबला की गाडी आवाज करायला लागली. बारीक, टोकदार, दात शिवशिवणारा. मी चाचांकडे गेले. त्या दिवशी गल्लीत चार-पाच माणसं उभी होती. चाचांनी स्टूल पुढे केलं.

"काढ आवाज."

मी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हटलं, "चीं."

"एवढाच?"

"हो. कधीतरीच येतो."

हे खोटं होतं. तो दर वेळी यायचा आणि माणसं वळून बघण्याइतका मोठा यायचा. पण त्या सगळ्यांसमोर तसं किंचाळून दाखवणं माझ्याच्याने होईना. चाचांनी गाडी एक फेरी फिरवून आणली. मी शेजारी बसले होते. ब्रेक लागला, आवाज आला. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. वाटलं, यांनी ऐकलाय आणि यांना त्यात काळजीचं काही वाटत नाहीये. "धूळ बसली आसंल," ते म्हणाले. "जाईल आठ दिवसांत." चाक त्यांनी उघडलंच नाही.

दहा दिवसांनी तळोज्याच्या रस्त्यावर पुढचा टँकर अचानक थांबला. मी ब्रेक दाबला आणि लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला. गाडी नको तितकी पुढे सरकली. थांबले तेव्हा टँकरच्या मागच्या नंबरप्लेटवरची धूळ मला दिसत होती.

बाबांनी त्याच दिवशी गाडी कंपनीत टाकली. ब्रेक पॅड झिजून पार पत्र्याला लागले होते, डिस्कवर चरे पडले होते. अ‍ॅडव्हायझरने विचारलं, "मॅडम, बाहेर दाखवली होती का?" "हो," बाबांनीच सांगितलं आणि माझ्याकडे वळले. "आता त्या गल्लीत जायचं नाही," ते म्हणाले, आणि मला ते पटलं. पुढचे पंधरा दिवस मी स्टेशनकडे जायलाही लांबचा रस्ता धरला. चाचा समोर आले तर काय बोलायचं, हे मनात जुळेना.

शेवटी त्यांचाच फोन आला. "आवाज गेला का गो, बाय?"

"गेला, चाचा."

"बघ, बोललो होतो ना."

फोन ठेवल्यावर मला राहवेना. धूळच होती, असं समजून ते उद्या दुसऱ्या कुणाची गाडी अशीच पाठवतील. मी चालत गॅरेजवर गेले आणि सगळं सांगितलं: टँकर, पॅड, आणि मी आवाज मुद्दाम लहान काढला होता तेही.

चाचांनी रेडिओ बंद केला. हात पुसत राहिले, पुसून झाल्यावरही. "तू लहान काढलास," ते म्हणाले, "पन गाडीने तर मोठाच काढला ना? मला तो ऐकू आलाच नाय. बारीक आवाज दोन-तीन वर्षं झाली, येतच नाय मला. म्हनून लोकांना तोंडाने काढायला लावतो. तोंडाचा येतो."

मग ते म्हणाले, "आता तू कंपनीत जायचं का इथं यायचं, ते तू ठरव. पन भिडेपोटी येऊ नको. ब्रेक हाय तो."

आयुष्यात मी बहुतेक गोष्टी भिडेपोटीच केल्या होत्या. अशा वेळी 'बघू' म्हणायचं आणि नंतर हळूच यायचं बंद करायचं, हेच मला जमायचं. पण ते माझ्या ओठांकडे बघत होते. मी जरा मोठ्याने, तोंड नीट उघडून म्हटलं, "ब्रेक आणि स्टीअरिंग कंपनीत दाखवीन. बाकी सगळं तुमच्याकडे."

ते हसले. "बोललीस ते बरं केलंस. बाकीचे नुसते यायचे बंद होतात. मग मी बसतो विचार करत, काय चुकलं."

तेवढ्यात सारसोळ्याचे हरेश्वरदादा मासळीचा टेम्पो घेऊन आले. "चाचा, ब्रेक लय खाली जातोय, बघा जरा."

"ब्रेक आजपासून बंद," चाचा ओरडले. "कंपनीत जा."

"कंपनीत? माझ्या टेम्पोचा वास येऊन सगळी कंपनी पळंल!"

"माझे कान गेले रे, हरेश्वर." हे त्यांनी इतक्या मोठ्याने सांगितलं की समोरचा इस्त्रीवालाही बाहेर आला.

"ते आख्ख्या गल्लीला म्हाईत हाय, चाचा. तुमचा रेडिओ घरात बसून आयकतो आमी."

चाचा बघतच राहिले. "मग कोनी बोललात का नाय मला?"

"कोन बोलनार? तुमाला वाईट वाटलं असतं."

"आनि हिचा ब्रेक लागला नसता तर?" चाचांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

हरेश्वरदादांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. चाचांनी त्यांना थर्मासमधला चहा दिला, दुसऱ्या गॅरेजचा पत्ता दिला आणि टेम्पो तिथवर सावकाश न्यायची तंबी दिली.

आठवड्याभरात शटरवर त्यांच्याच अक्षरात रंगवलेली पाटी आली: 'ब्रेक-स्टीअरिंगचे काम घेतले जाणार नाही. कान कमजोर.' त्यांचं काम अर्ध्यावर आलं असेल. ऑइल बदलायला मात्र लोक येत राहिले. मीही जात राहिले, बाबांना सांगून. गेल्या वर्षी त्यांनी गॅरेज बंद केलं आणि ते गावी परतले. निघायच्या आदल्या दिवशी मी भेटायला गेले. ते पाने-पकडी खोक्यात भरत होते. मला बघून थांबले.

"कंपनीवाले ब्रेक नीट बघतात का?"

"बघतात."

"चाक काढायला लावतीस?"

"लावते. काढेपर्यंत तिथेच उभी राहते."

"नाय बोलले तर?"

"पुन्हा सांगते."

चाचांनी मान हलवली. "मग ठीक हाय," ते म्हणाले, आणि उरलेले पाने खोक्यात भरायला वळले.