आपलं कोणी नसलेलं गाव

परीक्षा संपल्या, की टिळकवाडीतल्या आमच्या घरात रात्रीच्या जेवणानंतर पडवीत बैठक बसायची. मेच्या सुट्टीत कुठं जायचं? अण्णा, म्हणजे माझे वडील, शाळामास्तर. त्यांना सुट्टी भरपूर आणि हौसही दांडगी. पण कोणी कुठल्याही गावाचं नाव काढलं, की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: तिथं आपलं कोण हाय? कोणी नसलं, की ते गाव बाद. गोकाकचा धबधबा असा बाद झाला, वेंगुर्ल्याचा समुद्र बाद झाला. मी चिडून विचारायची, धबधबा काय आपला मावसभाऊ लागायला हवा? मग आक्का मला दटावायची. आक्का अण्णांची थोरली बहीण, लहानपणीच विधवा होऊन आमच्याकडे राहिलेली. परक्या गावात उतरायचं कुठं, जेवायचं कोणाच्यात, असं तिचं म्हणणं. खाणावळीचं आमच्यात कोणी खात नसे. विषय संपला.

शेवटी दरवर्षी आपली निपाणीच. तिथं अण्णांचे चुलतभाऊ होते, आमचे काका, तंबाखूचे व्यापारी. घर मोठं, माणसं मायाळू, त्यात काही खोट नाही. आम्ही पोरं दिवसभर उंडारायचो, अण्णा आणि काका पान खात गप्पा हाणायचे. आई मात्र उतरली, की पाय धुऊन सरळ स्वयंपाकघरात. पाहुणी कसली, घरचीच की ही, असं काकू कौतुकानं म्हणायच्या आणि तिच्यापुढं परात सरकवायच्या.

एकदा निपाणीहून परत आल्यावर मी आईला तिथल्या वखारीच्या गमती सांगत होते. तंबाखूच्या गठ्ठ्यांवर चढून आम्ही कसे लपलो, आणि शिंकांनी कसे सापडलो. आई भाजी निवडत ऐकत होती. मग तिनं विचारलं, वखार कुठं हाय गं? काकांच्या घराला लागूनच होती ती, मधे फक्त एक भिंत. माझ्या जन्माच्या आधीपासून आई तिथं जात होती. मला असा राग आला म्हणून सांगू. कुणाचा, ते मात्र कळेना.

पुढच्या सुट्टीची बैठक बसली, तेव्हा मी तोंड उघडलंच. सगळ्यांना विचारता, आईला कधी विचारलंय? अण्णा गोंधळले, कारण खरंच कधी विचारलं नव्हतं. त्यांनी आत हाक मारली. आई पदराला हात पुसत उंबऱ्यात आली. 

"जिथं आपलं कोण न्हाय, तिथं जाऊ या," ती म्हणाली.

आक्काला ते लई लागलं. माणसांचा एवढा वीट आला काय, म्हणून ती घुम्म बसली. अण्णा मात्र विचारात पडले, आणि शेवटी त्यांनी आंबोली शोधून काढली. एका वकील मित्राचा बंगला तिथं रिकामा होता, हवा थंड, नातेवाईक एकही नाही. वाटेत दशम्या खायच्या, तिथं नुसता आमटीभात, जास्त पसारा नको. दशम्या भाजताना आई गुणगुणत होती. तिला गाणं येतं, हे मला तेव्हा कळलं.

आणि मग अण्णांनी आमच्या रीतीप्रमाणं घोळ घातला. यंदा येत नाही असं निपाणीला कळवायला नको का? कळवलं. परक्या मुलखात तुम्ही एकटे कसे जाता, असा काकांचा निरोप आला, आणि निपाणीचं अख्खं बिऱ्हाड सोबतीला निघालं. झालं, आंबोलीतही आपली माणसं झाली! नको म्हणायची कुणाची छाती नव्हती. आईनं पिठाचा डबा तेवढा मोठा घेतला.

सावंतवाडीच्या मोटारीतून आंबोलीला उतरलो तेव्हा ऊन कलत होतं. सामान टाकून सगळे कड्यावर धुकं बघायला पळाले, काकूसुद्धा. आईनं बंगल्यातली चूल पेटवायला घेतली. मी तिथंच फुगून बसले, कड्यावर जायला मन होईना. तेवढ्यात आक्का आत आली आणि तिनं आईच्या हातातली फुंकणी काढून घेतली.

"ऊठ. आपलं कोण न्हाय तिथं जायचं होतं न्हवं तुला? मग आज मी तुझी कोण न्हाय. जा बाहेर."

आई उठेना. आक्कानं तिला दंडाला धरून उठवलं आणि आमच्याकडं पाठ करून चुलीपुढं बसली. निपाणीच्या चुलीपुढं आईच्या शेजारी तीही बसायची, हे मी कधी ध्यानातच घेतलं नव्हतं.

आई बाहेर आली, मागोमाग मीही. समोर दरी धुक्यानं भरून आली होती, कड्याकडून पोरांचा दंगा ऐकू येत होता. ती पायरीशी उभी राहिली. हात पदराला पुसले, ते कोरडेच होते. मग माझ्याकडं बघून तिनं हळूच विचारलं, "आता काय करायचं असतं गं?"

 

"काय न्हाय," मी म्हटलं. "नुसतं बसायचं."

ती बसली. पायरीच्या अगदी कडेला, कुणी हाक मारली तर पटकन उठता यावं अशी.